ऐक्य मंचावर नको, ग्रामसभेत हवे!

निवडणुका जवळ आल्या की आमच्या वस्त्यांत एकच चर्चा सुरू होते : रिपब्लिकन गटांचे ऐक्य होणार की नाही? कोणता नेता कोणत्या पक्षाच्या दारात उभा आहे, कोणाला किती जागा सुटल्या, कोणाला विधान परिषदेचे गाजर दाखवले गेले, याच्या बातम्या चवीने वाचल्या जातात. निकाल लागतो, चर्चा थांबते. नेते आपापल्या घरी आणि समाज आहे तिथेच! ऐक्य कधी होणार, हे विचारण्याआधी ऐक्य कशासाठी हवे, हे विचारले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात रिपब्लिकन पक्षाची स्थापना झाली. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाला तेव्हा वर्षही झाले नव्हते. पण थोड्याच काळात ‘दुरुस्त’ आणि ‘नादुरुस्त’ असे तट पडले आणि पुढे गटातून गट निघत गेले. १९९८ च्या लोकसभा निवडणुकीत मात्र एकत्र आलेल्या रिपब्लिकनांची ताकद महाराष्ट्राने पाहिली. अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, अमरावतीतून रा. सू. गवई, चिमूरमधून जोगेंद्र कवाडे आणि उत्तर-मध्य मुंबईतून रामदास आठवले निवडून आले. चारही मतदारसंघ खुले! काँग्रेसशी समझोता होता हे खरे. पण अशी मजल त्याआधी कित्येक वर्षांत कोणी मारली नव्हती. १९९९ मध्ये पुन्हा निवडणूक लागली तेव्हा ऐक्य मोडले होते. चौघांपैकी दोघे पडले.

कोणी म्हणेल, फूट कोणत्या पक्षात पडत नाही? २०२२ मध्ये शिवसेना फुटली, २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटली. मग आंबेडकरी पक्षांनाच दोष का? फरक आहे, आणि तो मोठा आहे. प्रस्थापितांची फूट म्हणजे भावकीतली वाटणी. वाड्याचे दोन भाग होतात, पण वाडा त्यांच्याकडेच राहतो. कारखाने, बँका, शिक्षणसंस्था त्यांच्याच हातात राहतात. आमच्याकडे वाडा नाही. आमच्याकडे आहे ती फक्त संख्या. ती फुटली की हातात काही उरत नाही!

मग ही संख्या एकत्र कधी आली? ६ डिसेंबर १९६४ रोजी दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह सुरू झाला. लाखो माणसे तुरुंगात गेली. पक्षात तेव्हाही तट होतेच. पण मागणी होती पडीक जमिनीची, किमान वेतनाची, बौद्धांच्या सवलतींची. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात झाला आणि १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. या सोळा वर्षांत नेते वेगवेगळे होते, झेंडे वेगवेगळे होते, पण जनता एक होती. माणसे खुर्चीसाठी एकत्र येत नाहीत, हक्कासाठी येतात.

आजचा हक्काचा लढा कुठे आहे, हे पाहायचे असेल तर मुळशी तालुक्यातल्या माण गावाकडे पाहावे. हिंजवडीचे आयटी पार्क वाढत वाढत या गावाच्या शिवारात आले. शिवाजीनगरला जाणाऱ्या मेट्रो मार्गाचे टोक इथेच. हे गाव भोर विधानसभा आणि बारामती लोकसभा मतदारसंघात येते. २०२४ मध्ये बारामतीत नणंद-भावजयीची लढत झाली आणि वर्तमानपत्रांचे रकानेच्या रकाने भरले. पण शिवारात इमारती उभ्या राहिल्या तेव्हा भूमिहीनाच्या पदरी काय पडले, त्या काचेच्या इमारतीत झाडू मारणाऱ्या, पहारा देणाऱ्या कंत्राटी कामगाराला किमान वेतन आणि भविष्य निर्वाह निधी मिळतो का, याची चर्चा त्या लढतीत कोणी केली?

याच तालुक्यात शंभर वर्षांपूर्वी एक धडा मिळालेला आहे. १९२१ मध्ये टाटांच्या धरणाविरुद्ध मुळशी सत्याग्रह झाला. सेनापती बापट त्याचे नेते. पाण्याखाली जाणार होती ती मावळ्यांची शेते. पण बऱ्याच जमिनींचे मालक होते पुण्यातले सावकार. सावकाराला मोबदला हवा होता, कसणाऱ्याला जमीन हवी होती. एकजूट टिकली नाही आणि धरण झाले. कागदावर नाव त्याला पैसा, घाम गाळणाऱ्याला विस्थापन! हा न्याय अजून बदललेला नाही.

म्हणून आम्ही म्हणतो, ऐक्याची सुरुवात मुंबईच्या मंचावर नव्हे, गावाच्या ग्रामसभेत करा. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाचा १५ टक्के हिस्सा मागासवर्गीयांसाठी खर्च केला पाहिजे, असा नियम आहे. तो किती खर्च झाला आणि कुठे झाला, याचा हिशेब मागा. महार वतनाच्या जमिनींचे जुने उतारे काढा. १९५८ च्या कायद्याने वतने संपली आणि जमिनी फेरप्रदान झाल्या. त्या जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नाहीत. २०२५ मध्ये मुंढव्याच्या वतन जमिनीचा व्यवहार गाजला, तेव्हा पुण्याच्या आसपास या जमिनींवर कोणाकोणाचा डोळा आहे, हे साऱ्यांना कळले. ग्रामसभेचा कोरम १५ टक्के मतदार किंवा १०० मतदार, यापैकी कमी असेल तो. शंभर माणसे! तिच्याआधी महिलांची ग्रामसभा घेणे बंधनकारक आहे. आमच्या भगिनींनी तिथे एक ठराव मांडला, तर कोणत्या गटाच्या त्या, हे कोण विचारणार?

आणि हे लवकर केले पाहिजे. हिंजवडी, माण, मारुंजी ही गावे पिंपरी-चिंचवड महापालिकेत घ्यावीत, ही मागणी २०२५ मध्ये पुन्हा जोरात पुढे आली. महापालिकेत ग्रामसभा नसते; चार सदस्यांच्या भल्यामोठ्या प्रभागात एखादी वस्ती सहज बुडून जाते. रस्ते, पाणी हवेच. पण गाव महापालिकेत गेले तरी हिशेब मागण्याची सवय गावासोबत गेली पाहिजे.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी इशारा दिला होता की राजकारणात समता येईल, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता राहील आणि ही विसंगती लोकशाहीलाच धोक्यात आणील. ती विसंगती माणमध्ये मेट्रोच्या खांबांखाली उभी आहे. ती नेत्यांच्या युतीने जाणार नाही. एका वस्तीतल्या दोन जयंती मंडळांनी एकाच मागणीअर्जावर सह्या केल्या, तर ते खरे ऐक्य. गावागावांत असे अर्ज गेले, तर नेत्यांना एकत्र यावेच लागेल. न आले तर जनता त्यांच्यासाठी थांबणार नाही. जयभीम!