माळ्यावरचा जुना 'व्यापार' रद्दीत देण्याआधी हे वाचा!

कोल्हापूर : शिवाजी पेठ असो की राजारामपुरी, दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून 'व्यापार'चा जुना डबा निघतोच. फाटका पट, चुरगळलेल्या खोट्या नोटा, एखादी हरवलेली सोंगटी. पुढचा मुक्काम बहुतेक वेळा रद्दीवाल्याकडे. तिथेच चूक होते.

जुन्या पटाला एवढं महत्त्व का?

'व्यापार' ज्या खेळावर बेतला, तो 'मोनोपॉली' अमेरिकेत पार्कर ब्रदर्स कंपनीने १९३५ मध्ये बाजारात आणला. नाव झालं चार्ल्स डॅरो यांचं. प्रत्यक्षात लिझी मॅगी यांना 'लँडलॉर्ड्स गेम'चं पेटंट १९०४ मध्येच मिळालं होतं. जमीनमालक भाड्यावर कसे गबर होतात, हे त्यांना दाखवायचं होतं. १९७० च्या दशकात प्राध्यापक राल्फ अन्स्पाक यांचा कंपनीशी ट्रेडमार्कवरून वाद झाला. त्यांनी डॅरोंच्या आधीचे खेळाडू आणि घरगुती पट शोधून काढले. मॅगी यांचं श्रेय त्यातून उजेडात आलं. कुणीतरी जुना पट जपला, म्हणून खरं कळलं.

पैसे मिळतात का?

डॅरो यांचा हाताने बनवलेला गोल पट २०१० च्या लिलावात १ लाख ४६ हजार ५०० डॉलरला गेला. पण हा अपवाद. घरातल्या डब्याकडून लाखोंची अपेक्षा नको.

डबा किती जुना, कसं ओळखाल?

- पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल, तर डबा १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा.
- इंग्रजी पटावर 'मुंबई' असेल तर तो बहुधा १९९५ नंतरचा, 'चेन्नई' असेल तर १९९६ नंतरचा.
- जुनी नावं मात्र नंतरही छापली जातात. त्यामुळे एकाच खुणेवर निष्कर्ष काढू नका.

जपायचा कसा?

पट, नोटा, कार्डं आणि नियमांचा कागद एकत्र ठेवा. फाटलं तरी सेलोटेप लावू नका, तिचे पिवळे डाग पडतात. डब्याच्या सगळ्या बाजूंचे फोटो काढा.

टाउन हॉल संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या उत्खननातल्या वस्तू आपण कौतुकाने पाहतो. त्याही कधीकाळी कुणाच्या तरी घरातल्याच होत्या. मुंबईतली कुठली जागा तेव्हा महाग मानली जायची, हे सांगणारा पट आज माळ्यावर आहे. तो किलोच्या भावाने जाऊ देऊ नये.