जुनी चिठ्ठी आणि थकलेले मूत्रपिंड

मधुमेहाची औषधे वर्षानुवर्षे एकाच चिठ्ठीवर नेण्याचा जो शिरस्ता आपल्याकडे पडला आहे, तो मूत्रपिंडाची शक्ती क्षीण झालेल्या रुग्णाच्या जिवावर बेतू शकतो, याची जाणीव घरच्यांना क्वचितच असते. ग्लिबेनक्लामाइडची गोळी यकृतात विघटित झाली, तरी तिचे क्रियाशील अंश काही प्रमाणात लघवीवाटेच बाहेर पडतात. ते साचले म्हणजे, रात्री दोन घास कमी जेवलेल्या वृद्धाची साखर पहाटे एकाएकी उतरते, अंगाला दरदरून घाम फुटतो आणि बोलणे असंबद्ध होते. मेटफॉर्मिनसारखे गुणी औषधही, गाळणक्षमतेचा अंक, म्हणजे ईजीएफआर, ४५ च्या खाली गेल्यास मात्रेचा फेरविचार करून द्यावे आणि ३० च्या खाली बंदच करावे, असा दंडक आहे. केवळ क्रिएटिनिनवर विसंबणेही धोक्याचे. कृश वृद्धाच्या अंगी मांसच थोडे, त्यामुळे तो आकडा निर्दोष दिसूनही मूत्रपिंड बरेच थकलेले असू शकते.

तेव्हा रुग्णाने आपल्या मर्जीने गोळी सोडू नये, हे खरेच. परंतु प्रत्येक चिठ्ठीवर ईजीएफआरचा ताजा अंक तारखेनिशी नोंदवणे वैद्यकांवर बंधनकारक करावे, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. लिनाग्लिप्टिनसारखी, मात्रा न बदलता देता येणारी औषधे उपलब्ध असताना जुन्या चिठ्ठीची ताबेदारी पत्करण्याचे कारण उरत नाही.