मोलचा आठवडा

२०१७ साली ‘स्वयम’ सुरू झाले आणि आडगावच्या मुलालाही आयआयटीच्या प्राध्यापकांचे रसायनशास्त्राचे तास घरबसल्या ऐकता येऊ लागले. ही सोय मोठीच आहे. पण तालुक्याच्या गावी हाच विषय शिकवताना, दर आठवड्याचे स्वाध्याय सांभाळणाऱ्या मुलांची दमछाकही मी पाहतो.

एनपीटेलच्या १२ आठवड्यांच्या अभ्यासक्रमात सर्वाधिक गुणांचे ८ स्वाध्याय धरले जातात. त्यांना २५ टक्के, परीक्षेला ७५ टक्के. आजारपण, शेतीची कामे, गेलेली वीज यांचा विचार करता ही सवलत योग्यच. रसायनशास्त्र मात्र सवलत देत नाही. ४ ग्रॅम हायड्रोजनला ३२ ग्रॅम ऑक्सिजन का लागतो, हे ज्याला मोलच्या आठवड्यात उमगले नाही, त्याला पुढे द्रावणाची संहती, समतोल, सारेच परके होते. मग तो सूत्रे पाठ करतो, नाहीतर मुकाट्याने गळतो. त्याला आळशी म्हणून आपण मोकळे व्हायचे काय?

चित्रफीत पुन्हा पाहता येते. वहीतली चूक ती दाखवत नाही. म्हणून जवळच्या महाविद्यालयाने आठवड्यातून एक तास, एक फळा आणि एक शिक्षक या मुलांसाठी राखून ठेवावा. त्याला फार खर्च येणार नाही.