किमतीतून वजा झालेले तास

लग्नसराईची बिदागी हातात पडली की आपल्याकडच्या गिटारवाल्यांचा ठरलेला प्रश्न येतो. गिब्सन परवडत नाही, मग एपिफोन घेऊ का? फेंडर परवडत नाही, मग स्क्वायर? जळगाव-धुळ्यात या गिटारी भिंतीवर टांगलेल्या क्वचितच दिसतात. त्यामुळे निर्णय एक तर मुंबई-पुण्याच्या दुकानात, परतीच्या गाडीवर डोळा ठेवून होतो, नाहीतर घरबसल्या फोटो पाहून.

आमचं उत्तर आधीच सांगून टाकतो: घ्या, बिनधास्त घ्या. गिब्सनची लेस पॉल स्टँडर्ड आज दोन-अडीच लाखांच्या पुढे जाते. तिचीच एपिफोन पन्नास-साठ हजारांच्या आसपास मिळते. वराती, ऑर्केस्ट्रा आणि अहिराणी गाण्यांची रेकॉर्डिंग मिळून वर्षाकाठी हाताशी जे उरतं, त्यात अडीच लाखांची गिटार म्हणजे डोक्यावर हप्ता. पण घेताना एवढं विचारा, की हे दीड-दोन लाख नेमके कशातून कमी झाले? गिऱ्हाईक गृहीत धरतं की लाकडातून. दुकानदारही तसंच सांगतो, कारण लाकडाबद्दल बोलायला सोपं असतं.

एपिफोन-स्क्वायर ही भावंडं मुळात स्वस्त म्हणून जन्माला आलेली नव्हती. एपिफोन हे न्यूयॉर्कचं नावाजलेलं घराणं, गिब्सनचं तोडीस तोड प्रतिस्पर्धी. गिब्सनने ते 1957 मध्ये विकत घेतलं. स्क्वायर ही तारा बनवणारी कंपनी, ती फेंडरने 1965 मध्ये घेतली आणि पुढे ते नाव पडून राहिलं. सत्तरच्या दशकात टोकाई, ग्रेको अशा जपानी नावांनी केलेल्या नकला इतक्या चांगल्या उतरल्या की गिऱ्हाईक अस्सल अमेरिकन गिटार खाली ठेवून त्या उचलू लागलं. शेवटी 1982 मध्ये फेंडरने जपानी भागीदारांना हाताशी धरलं, मात्सुमोतोच्या फुजिगेन कारखान्यात स्वतःच्याच गिटारी बनवून घेतल्या आणि पडून राहिलेलं स्क्वायर हे नाव त्यांच्या माथ्यावर चढवलं. त्या पहिल्या जेव्ही मालिकेच्या गिटारी आज संग्राहक शोधत फिरतात. त्या स्वस्त होत्या, पण त्यांच्यावर कसलेले हात फिरले होते. (जपानचा विषय निघालाच आहे तर: आपल्या बँजो पार्टीतला बँजो, म्हणजे बुलबुल तरंग, ज्या ताइशोगोतोवरून आला ते वाद्य 1912 मध्ये नागोयात तयार झालं. आयबानेझ बनवणारं होशिनो गाक्की घराणंही नागोयाचंच. वरातीच्या गाडीवर बँजोवाला आणि आयबानेझवाला शेजारी बसतात तेव्हा दोन्ही वाद्यांचं गाव एकच असतं.)

आता लाकडाकडे येऊ. स्वस्त स्ट्रॅटची बॉडी बहुधा पॉप्लरची असते, महागडीची आल्डर किंवा अ‍ॅशची. एपिफोन लेस पॉलवर जी वाघाच्या पट्ट्यांसारखी नक्षी दिसते तो मेपलचा पातळ पापुद्रा असतो, आत साधं मेपल. फ्रेटबोर्डाची गोष्ट तर आपल्या घरचीच आहे. 2017 मध्ये शिसवीच्या सगळ्या जाती आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रण यादीत गेल्या आणि प्रत्येक गिटारीमागे कागदपत्रांचं लचांड लागलं. 2019 च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली, पण तोवर स्वस्त मालिकांनी दुसरं लाकूड धरलं होतं. स्क्वायरच्या माहितीपत्रकात ते इंडियन लॉरेल म्हणून छापलेलं असतं. हे इंडियन लॉरेल म्हणजे आपला ऐन. यावलच्या अभयारण्यात, सातपुड्याच्या उतारावर तो उभा आहे. ऐनाच्या फ्रेटबोर्डाला नाक मुरडणारे आपल्यात बरेच आहेत. डोळ्यांवर पट्टी बांधून ऐन आणि शिसव वाजवून ओळखून दाखवा, असं त्यांना एकदा म्हणून पाहावं.

खरी काटछाट वेगळ्याच जागी असते. स्वस्त गिटार हातात घ्या आणि प्लग लावायच्या आधी अंगठा नेकच्या कडेवरून नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत सरकवा. फ्रेटची टोकं बोटाला लागतात का बघा. मग पहिल्या फ्रेटवर तार दाबून बघा. नटच्या खाचा उथळ राहिल्या असतील तर तिथे उगाच जोर लावावा लागतो आणि ओपन जी ट्यून असूनही पहिल्या फ्रेटवरचा स्वर चढा लागतो. आता तार बेंड करा. फ्रेट नीट घासून चकचकीत केलेली नसेल तर वाळूवरून ओढल्यासारखी खरखर हाताला कळते. खाचा योग्य खोलीच्या करणं, सगळ्या फ्रेट एका पातळीत आणणं, त्यांची टोकं गोल करणं, पॉलिश करणं, हे सगळं माणसाच्या हातचं काम, आणि ते तास खातं. यंत्रावर नेक कापायला इंडोनेशियात जेवढी मिनिटं लागतात साधारण तेवढीच अमेरिकेत लागतात. फरक पडतो तो नंतरच्या तासांत. किंमत उतरवायची म्हणजे हे तास वजा करायचे. स्वस्त पॉट, हलका जॅक, ट्रेमोलोचा बारका ठोकळा हेही वजाबाकीतलेच, पण ते सुटे भाग आहेत, दोन-तीन हजारांत आणि एका सोल्डरिंग गनवर निभावतं. तास मात्र पार्सलने मागवता येत नाहीत.

त्यात आपली हवा. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीसपर्यंत जातो आणि दुपारी हवेतला ओलावा वीस टक्क्यांच्याही खाली उतरतो. गिटारीला मानवतो पंचेचाळीस ते पंचावन्न टक्के. लाकूड आडव्या अंगाने आकसतं, फ्रेटची धातूची पट्टी आकसत नाही, म्हणून जानेवारीत गुळगुळीत असलेली नेक मे महिन्यात करवतीसारखी लागते. त्याच वेळी नेक मागच्या बाजूला झुकते आणि खालच्या फ्रेटवर तारा खडखडू लागतात. पाऊस सुरू झाला की उलटं होतं, अ‍ॅक्शन चढते. अशा वेळी पोरं गिटार फॉल्टी आहे म्हणून विकायला काढतात. तिला हवा असतो ट्रस रॉडचा पाव फेरा. आखाजीच्या आधी एकदा आणि कानबाई-गणपतीच्या आधी एकदा सेटअप, असा नेम खानदेशातल्या प्रत्येक गिटारवाल्याने धरायला हवा. बाराव्या फ्रेटवर तार दीड ते दोन मिलिमीटर वर असावी. शाळेच्या कंपासमधली स्टीलची पट्टीही त्याला पुरते.

एका बाबतीत मात्र स्वस्त गिटार आपल्याकडे उजवी ठरते. गिब्सनवर नायट्रोसेल्युलोज लॅकर असतं. दिसतं देखणं, पण गरम-गारचा धक्का बसला की त्याला केसासारख्या भेगा जातात. एसी गाडीतून उतरवून थेट उन्हातल्या मांडवात नेलेल्या गिटारीचं काय होईल ते सांगायला नको. एपिफोन-स्क्वायरवरचं पॉली फिनिश जाड असतं, जाणकार त्याला प्लॅस्टिक म्हणून हिणवतात, आणि तेच आपल्या उन्हाळ्यात टिकतं.

पिकअप निवडतानाही हौशी मतांपेक्षा आपला मांडव डोळ्यांसमोर ठेवा. जनरेटर, लाइटचे डिमर, मागे एलईडीची भिंत, आणि अर्थिंगच्या नावाने बोंब. सिंगल कॉइल पिकअप हे सगळं गुणगुणणं गोळा करून स्पीकरमध्ये ओततो. गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी 1955 मध्ये हंबकरच्या पेटंटसाठी अर्ज केला तो याच गुणगुणण्यावर उपाय म्हणून. स्ट्रॅटच हवी असेल तर ब्रिजला हंबकर असलेली घ्या. आणि अर्थिंगकडे काणाडोळा नको. गिटारीच्या तारा अ‍ॅम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात; माइक दुसऱ्या लाइनवर असेल तर ओठ लागताच झटका बसू शकतो. स्टोन द क्रोज या स्कॉटिश बँडचा गिटारवादक लेस हार्वी 1972 मध्ये स्टेजवरच अशा झटक्याने गेला. साउंडवाल्याकडे टेस्टर मागायला लाजू नका.

नकली मालाबद्दल फार शाई खर्चत नाही. माथ्यावर गिब्सन लिहिलेली लेस पॉल कुणी तीस हजारांत देत असेल, तर ती गिब्सन नाही, एवढं पुरे. आपल्यातल्या कित्येकांनी पहिले कॉर्ड कोलकात्याच्या गिवसनवर किंवा हॉबनरवर धरले. आयात माल आवाक्याबाहेर होता तेव्हा त्या गिटारींनी पिढ्या घडवल्या. नकली मालाचं तसं नाही. खोट्या नावाच्या गिटारीला सुटे भाग बसत नाहीत, विकताना कुणी हात लावत नाही, आणि स्टेजवर ओळखणारा एक तरी निघतोच.

मग ते वजा झालेले तास भरून काढायचे कुणी? हा प्रश्न आम्हाला गिटारीच्या निवडीपेक्षा महत्त्वाचा वाटतो. सतार घेणारा माणूस जवारी काढून घेतल्याशिवाय ती वाजवायला बसत नाही. नवी असली तरी ब्रिज घासून आवाज खुलवावा लागतो, काही दिवसांनी पुन्हा घासावा लागतो, आणि त्याचे पैसे वेगळे द्यावे लागतात, हे त्याला ठाऊक असतं. मिरजेच्या सतारी आणि तानपुऱ्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मिरजेचं नाव ज्या कारागिरांमुळे झालं, त्यांच्या कसबात जवारीचा वाटा मोठा आहे. गिटारीच्या बाबतीत मात्र आपण तीच माणसं डब्यातून काढली की वाजली पाहिजे असा हट्ट धरतो. इलेक्ट्रिक आहे म्हणजे टीव्हीसारखी असणार, असा समज त्यामागे असावा.

परिणाम समोर आहे. जळगाव आणि धुळे दोन्हीकडे वाद्यांची दुकानं आहेत, हार्मोनियमच्या भात्याला आणि ढोलकीच्या पुडीला हात लावणारे चांगले कारागीर आहेत. पण फ्रेट लेव्हल करून घ्यायच्या म्हणजे नाशिक, पुणे किंवा मुंबई. जाण्या-येण्यात दोन दिवस आणि एखादी सुपारी बुडते, म्हणून लोक काम करूनच घेत नाहीत. तीस हजारांची गिटार पाच वर्षं कच्चीच वाजत राहते आणि वाजवणारा स्वतःच्या बोटांना दोष देतो.

दुकानदार मित्रांना आमची सूचना आहे. एकेकट्याला परवडणार नाही, म्हणून चार-पाच जणांनी मिळून एखादा हाताचा स्थिर मुलगा निवडा. सुताराचा किंवा हार्मोनियमवाल्याचा असेल तर उत्तमच. त्याला मुंबई-पुण्यातल्या एखाद्या गिटार-कारागिराकडे सहा महिने ठेवा. लेव्हलिंगची सरळ पट्टी, फ्रेट गोल करायची कानस, नटच्या खाचांच्या कानशींचा संच, अ‍ॅलन कीचा जुडगा: एका बऱ्या एपिफोनच्या किमतीत हे सामान येतं. गिटार विकतानाच सेटअपचे पैसे बिलात वेगळे दाखवा, फुकट देऊ नका. फुकटचं काम गिऱ्हाईक मोजत नाही आणि कारागीरही मन लावून करत नाही. वादकांनी बजेट सांगताना दहावा हिस्सा आधीच बाजूला काढावा. तीस हजार खिशात असतील तर सत्तावीसची गिटार बघा. बँडमालकांनी सीझनच्या आधी गाडीच्या टायरांबरोबर गिटारीही दाखवून आणाव्यात.

त्या मुलाचं पोट भरेल का, अशी शंका घेतली जाईल, आणि ती रास्त आहे. गिटारींवर एकट्या त्याचं भागणार नाही. पण बँजोच्या पिकअपचं वायरिंग, कीबोर्डचे जॅक, माइकच्या केबली, ढोलकी-संबळला लावलेले पिकअप, हे सगळं त्याच टेबलावर येणार आहे. आज ते काम मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे जातं, आणि तो त्याला जमेल तसं करतो.