कायदा घरातला : सही करण्यापूर्वी, ताई, जरा थांबा!



या खेपेला एका भगिनीचं पत्र घेते. पत्र एकीचं असलं, तरी प्रश्न घरोघरचा आहे.

त्या लिहितात, “वडील जाऊन दोन वर्षं झाली. चार एकर जमीन, त्यांनी स्वतः विकत घेतलेली. मृत्युपत्र केलं नव्हतं. आई, आम्ही दोघी बहिणी आणि भाऊ अशी चौघांची नावं सातबाऱ्यावर लागली. परवा भाऊ आला. मुलांना खाऊ आणला, आणि निघताना म्हणाला, ‘ताई, तालुक्याला येऊन एक सही करून जा. विहिरीसाठी कर्ज काढायचंय, तुमच्या नावांमुळे अडतंय. आईपण सही करणार आहे.’ मी जरा घुटमळले, तर म्हणाला, ‘तुझं लग्न १९८९ सालचं. लग्नात खर्च केलाच की! आता हक्क कसला?’ सही केली तर हक्क जातो म्हणतात. नाही केली तर माहेर तुटतं. काय करू?”

भगिनी, तुमचं शेवटचं वाक्य कायद्याच्या पुस्तकात सापडायचं नाही, आणि खरी अडचण तीच आहे. सही करा किंवा करू नका, हे मी सांगणार नाही. तो निर्णय तुमचा. पण कशावर सही करतो आहोत हे कळल्याशिवाय अंगठा नको की सही नको.

आधी हक्काचं पाहू. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानुसार वडील मृत्युपत्र न करता गेले, तर त्यांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत पत्नी, मुलगा आणि मुलगी यांना सारखा वाटा मिळतो. (वडिलांची आई हयात असेल तर तिलाही.) मुलीचं लग्न कधी झालं, याचा इथे काडीचाही संबंध नाही. लग्नातला खर्च म्हणजे वाटणी नव्हे. तेव्हा तुमच्या चार एकरांत चौघांचा प्रत्येकी चौथा हिस्सा आहे.

भावाच्या मनात १९९४ चा नियम असावा. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत महाराष्ट्राने त्या वर्षी मुलींना मुलांच्या बरोबरीने हक्क दिला, पण २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुलींना वगळलं होतं. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने हा भेद गेला. त्या दिवशी वडील हयात असण्याचीही गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केलं. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेली वाटणी आता उकलता येत नाही. (हे सारं हिंदू, बौद्ध, जैन, शीख कुटुंबांपुरतं. इतरांचे कायदे वेगळे, गोव्याचाही वेगळा.)

आता ती ‘छोटीशी सही’. तालुक्याला दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जी सही होते, ती बहुधा हक्कसोडपत्रावर होते. नावातच सगळं आलं. एकदा ते नोंदलं गेलं की तुमचा हिस्सा कायमचा भावाचा. उद्या त्याने जमीन विकली तरी तुम्हाला विचारायचं कारण नाही. फसवून किंवा दडपण आणून सही घेतली असेल, तर कोर्टात दाद मागता येते, पण ती फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांत, आणि सिद्ध करायचं ओझं आपल्यावर.

बहीण-भावांत विनामोबदला हक्कसोड केलं तर मुद्रांक शुल्क नाममात्र लागतं, म्हणून ही वाट सोपी वाटते. पण ‘मागाहून पैसे देईन’ असं तोंडी बोलणं, आणि कागदावर ‘विनामोबदला’ हा शब्द, असं असेल तर जपा. कोर्ट आधी कागद पाहतं.

मग करावं काय?

एक : कागद आधी घरी मागवून घ्या. शांतपणे वाचा, दुसऱ्या कुणा जाणत्याकडून वाचून घ्या. कोऱ्या कागदावर सही कधीच नको.

दोन : अडचण कर्जाचीच असेल, तर बँकेत विचारा. सहहिस्सेदारांच्या संमतीवर काम भागत असेल, तर हक्क सोडायचं कारणच उरत नाही. मात्र जमीन तारण राहणार असेल, तर कर्ज थकल्यावर आपल्या हिश्शावरही बोजा येतो, हे ध्यानात ठेवा.

तीन : हिस्सा नावावर ठेवून जमीन भावाला कसू देता येते. नाव राहिलं म्हणजे भांडण झालं, असं थोडंच आहे!

चार : तलाठ्याकडून फेरफाराची नोटीस आली तर ती फडताळात ठेवू नका. हरकत असेल तर नोटिशीतल्या मुदतीत लेखी द्या आणि पोच घ्या. सातबाऱ्यावरून नाव गेल्याने मालकी आपोआप जात नाही, पण पुढे निस्तरताना फार त्रास होतो.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं : आईची सही. तुम्हा बहिणींना आपापलं घर आहे. आईचा तो एक एकर हाच तिचा आधार. आज मुलगा-सून नीट सांभाळतात, उत्तमच! पण म्हातारपणी स्वतःच्या नावावर काही असलं, की घरात शब्दाला वजन राहतं. तुम्ही आपला हिस्सा भावाला खुशीने द्या हवा तर, पण आईचा हिस्सा आईच्या नावावर राहू द्या, एवढी अट जरूर घाला. भाऊ समंजस असेल तर त्याला ती खुपणार नाही.

त्याच्यापुढे चहाचा कप ठेवा आणि हेच शब्द बोला, “हक्क सोडायचा की नाही ते मी ठरवीन, पण कागद वाचून. आणि आईचं नाव राहील.” एवढ्याने तुटेल ते माहेर नव्हे.