काही होत नाही हो!

अमेरिकेत आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, भाड्याने घेऊन भटकायला निघालो की आपल्यातला एकजण हमखास म्हणतो, "जनरेटर काय, बटण दाबलं की सुरू. काही होत नाही हो!"

मी आधी गाडीखाली वाकतो. एक्झॉस्टचा पाइप फुटलाय का, खाली वाळलेलं गवत आहे का, ऑइल पुरेसं आहे का, ते बघतो. त्या बाजूच्या खिडक्या बंद, एसी बंद, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म तपासलेला. मगच स्टार्ट. दोन-तीन मिनिटांनी एसीचा लोड. झोपताना जनरेटर बंद.

"पीएचडी करून भित्रा झालास!"

झालो बुवा. मागच्या पलंगावर माझी 4 वर्षांची मुलगी झोपते. या वायूला रंग नाही, वास नाही. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून घट्ट धरतो. डोकं दुखलं तर आपण प्रवासाचा शीण म्हणतो, आणि झोपलेल्याला तेवढंही कळत नाही. सारखा वाजतो म्हणून अलार्मची बॅटरी काढणं ही कसली मर्दुमकी?

हे अमेरिकेचं कौतुक नव्हे. बंद बाथरूममधल्या गॅस गीझरपायी आपल्याकडेही हाच वायू जीव घेतो. तुमच्याकडचा झरोका उघडा आहे ना? आजच बघा.