भूगोलाच्या तासाला गोष्टच हवी!

मंडळी, आजचा विषय वादाचा आहे, आधीच सांगून ठेवतो. "भूगोलाच्या तासाला गोष्टी सांगून मार्क मिळतात का हो?" असं पालक विचारतात, शिक्षकही विचारतात. मार्कांचं सोडा. नुसता पाठ केलेला भूगोल पेपर देऊन बाहेर आलं की संपतो, हे विचारणाऱ्यांनाही ठाऊक आहे!

२०१८ साली दहावीचं भूगोलाचं पुस्तक बदललं आणि भारताच्या जोडीला ब्राझील आला. मुलं ॲमेझॉन, कॉफी, साओ पावलो घोकतात. पण तिथली माणसं कुठून आली? त्यासाठी सासीची गोष्ट सांगा. एका पायाचा, काळा, लाल टोपीवाला खोडकर पोरगा. दूध नासवतो, घोड्यांच्या आयाळीला गाठी मारतो. मूळ तिथल्या आदिवासींचा. रंग आणि चिलीम आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्यांची. टोपी पोर्तुगालकडची, असं मानतात. लोकसंख्येचा अख्खा धडा एका पायावर उभा!

लांब कशाला, वाघा-कोल्ह्याला चकवणारी आपली भोपळ्यातली म्हातारी घ्या. ती बंगालमध्ये आहे, इराणमध्येही आहे. बंगालात ती दुध्या भोपळ्यात बसते. आपली कुठल्या बसली? लाल भोपळा मूळ अमेरिकेचा, कोलंबसानंतर आपल्याकडे आलेला. दुध्या मूळ आफ्रिकेचा, पण हजारो वर्षांपासून इथला. मग आधी म्हातारी की आधी लाल भोपळा? विचारून बघा, नकाशा उघडा म्हणून सांगावं लागणार नाही.

"पण मुलांना लबाडी शिकवायची का?" अहो, या गोष्टींत फसवणारा बहुधा दुबळा असतो आणि फसतो तो दांडगा. अति शहाणपणा केला तर लबाडही तोंडावर आपटतो. घानाचा अनान्सी कोळी गुलामांच्या जहाजांतून जमैकाला पोचला. त्या माणसांचं सगळं हिरावून घेतलं होतं, गोष्ट तेवढी हिरावता आली नाही. व्यापारी मार्गांच्या कुठल्या तक्त्यात हे सापडेल?

आमच्या जालन्यात तर हे जास्तच लागू. एमआयडीसीत सळयांच्या कारखान्यांत बिहार, उत्तर प्रदेशचे कामगार आहेत. त्यांची मुलं आपल्याच वर्गांत बसतात, पुष्कळदा गप्प. बिहारची राजधानी विचारली तर सगळा वर्ग हात वर करील. "तुझ्या आजीच्या गोष्टीतला कोल्हा कुणाला फसवतो रे?" याचं उत्तर मात्र त्या एकालाच देता येईल. त्या तासापुरता तो 'बाहेरचा' राहत नाही, वर्गाचा गुरुजी होतो. आपल्या शाळा हे फुकटचं धन रोज वाया घालवतात, माझा राग त्याचा आहे.

नकाशा काढून टाका असं मी म्हणत नाही. आठवड्याला पंधरा मिनिटं गोष्ट, मग नकाशा. एवढंही अभ्यासक्रमात बसत नसेल तर दोष गोष्टीचा नाही.

आणि नातेवाईकांनो, पुढच्या फोनवर नातवंडांना राजधान्या विचारू नका. म्हातारी कुठल्या भोपळ्यात बसली ते विचारा. उत्तरं इथे लिहा!